दोषांसकट

बाईंविषयी लिहायचं तर सुरुवात त्यांच्या दोषांपासून करायला हवी. गुणांपासून केलेली त्यांना चालली नसती.

तर, त्या चोरून ऐकायच्या. वॉटफर्डला त्यांच्या घरात वरची खोली मी भाड्याने घेतली होती. नागपूरला आईशी फोनवर बोलत असले की जिन्यातल्या त्यांच्या सपातांचा आवाज दाराशी येऊन थांबायचा. मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं त्यांना, तरी त्या उभ्या राहायच्या. एकदा मी मुद्दाम दार उघडलं. ओशाळणं वगैरे काही नाही. म्हणाल्या, "आईशी बोलताना तुझा आवाज बारीक होतो. शाळेतल्या मुलीसारखा. तुला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. तेव्हापासून आईला फोन लावला की मला माझाच आवाज ऐकू यायला लागला.

घर थंडगार ठेवायच्या. कुडकुडत खाली गेलं की हीटिंग लावण्याऐवजी स्वतःचा, कोपरात विरलेला स्वेटर अंगावर टाकायच्या. दुसऱ्याच्या बशीतलं खायच्या. मी पोहे केले की "मला नको, मी नुसते बघते," म्हणत ओट्याशी उभ्या राहायच्या आणि बघता बघता अर्धे संपवायच्या. कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायच्या नाहीत. आणि खोटं म्हणून खपवून घ्यायच्या नाहीत, अगदी सभ्यपणाचं खोटंसुद्धा. शेजारच्या बाईंनी केस नवे कापून घेतले आणि "कसे दिसतात?" असं कुंपणावरून विचारलं, तेव्हा यांनी नीट न्याहाळून "मागून बरे दिसतात" असं सांगितलं होतं.

तेव्हा त्या पंच्याऐंशीच्या आसपास होत्या. उंचीने माझ्या खांद्याएवढ्या, कायम पुरुषी पँटमध्ये, चष्मा दोरीने गळ्यात. एकट्याच राहायच्या. लग्न केलं नव्हतं. आयुष्यभर लेस्टरला आणि मग वॉटफर्डला शाळेत भूगोल शिकवला होता.

त्या मूळच्या चेक. एका लहान गावातल्या ज्यू कुटुंबातल्या. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी तिकडच्या काही ज्यू मुलांना आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं होतं. आईबापांना सोबत येता येत नव्हतं. त्या मुलांमधल्या या एक, दहा वर्षांच्या. मागे राहिलेले आईवडील, आजी, काका, मावशी, सगळ्यांना नाझींनी मारलं.

मारलं, हाच शब्द. दुसरा चालत नसे. रस्त्याच्या टोकाला राहणारे एक भले गृहस्थ एकदा मान हलवत म्हणाले, "वॉरमध्ये तुमची सगळी फॅमिली लॉस्ट झाली ना?"

"लॉस्ट छत्री होते," बाई म्हणाल्या. "बसमध्ये. त्यांना मारलं."

मी मनातल्या मनात मराठीत "बाईंचे सगळे गेले" असं म्हणायचे. त्या दिवसापासून तेही म्हणायचं बंद केलं.

मी त्यांच्याकडे राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला चहाला बसवलं आणि कुटुंबाची ओळख करून द्यायला सुरुवात केली. फोटो एकही नव्हता. सगळं तोंडी. काका शेजाऱ्याच्या बागेतले प्लम चोरायचे, पन्नाशी उलटल्यावरसुद्धा. मावशी पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली गेली की रडायची. आजी एका नातवाला जास्त वाढायची आणि ते लपवायचीही नाही. आई भलत्या वेळी हसायची. शोकसभेत हसली होती एकदा, आणि मग गावात चार महिने तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. वडील गुरांचे डॉक्टर. जनावरांशी मऊ आणि माणसांशी कडक. रागावले की बोलायचेच नाहीत. अबोला धरायचे, आठवडा आठवडा. त्या अबोल्यात जेवणाच्या टेबलावर मीठ हवं असलं तरी मागायचे नाहीत, अळणी खायचे.

मला वाटलं, हे काय चाललंय. मारल्या गेलेल्या माणसांविषयी कुणी असं बोलतं का? तसं मी भीतभीत म्हटलंही.

"मग कसं बोलायचं?" त्या म्हणाल्या. "सगळे चांगले होते, प्रेमळ होते, कष्टाळू होते, असं? तसे तर सगळ्यांचेच असतात. एकदा का तसं म्हटलं की माझी मावशी आणि दुसऱ्या कुणाची मावशी यात काही फरक राहत नाही. ज्यांनी मारलं त्यांनाही ती सगळी एकसारखीच दिसत होती." मग म्हणाल्या, "दोष प्रत्येकाचा वेगळा असतो. दोष सांगितला की माणूस उभा राहतो."

शाळा त्यांना बोलवायच्या. असे प्रत्यक्ष त्या काळातून आलेले लोक आता थोडेच राहिलेत, म्हणून जानेवारीत, त्या हत्याकांडाच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, कुठल्या तरी शाळेची गाडी दाराशी यायची. एकदा मी सोबत गेले होते. मोठा हॉल, खाली मांडी घालून बसलेली मुलं, बाजूला शिक्षक. मुलांना आगगाडीचं ऐकायचं होतं, आणि खरं तर नाझींच्या छावण्यांचं. बाईंनी प्लम चोरणाऱ्या काकांपासून सुरुवात केली. काका भिंतीवर कसे चढायचे, उतरताना त्यांची पँट कशी फाटली, शेजारीण खालून काय म्हणाली. मुलं हसायला लागली. शिक्षिका अस्वस्थ झाल्या. हसणं पुरतं रंगात आलेलं असताना बाई म्हणाल्या, "याच काकांना एका खड्ड्यापाशी उभं करून गोळी घातली. त्यांच्या मुलासमोर. नंतर मुलाला." आणि पाणी प्यायल्या.

शेवटी शिक्षिकेनं विचारलं, की आजच्या मुलांना तुम्ही काय संदेश द्याल.

"संदेश नाही," बाई म्हणाल्या. "मी एवढंच सांगायला आले होते की त्यांना प्लम आवडायचे."

त्या शाळेनं पुन्हा बोलावलं नाही.

नुसतं सांगून त्यांचं भागत नसे. समोरच्यालाही विचारायच्या. घरात येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी बॉयलर बघायला आलेल्या माणसालाही, तुझ्या आजीच्या आईचं नाव काय, असा प्रश्न असायचा. लेस्टरहून माझी एक मैत्रीण आली होती. तिकडेच जन्मलेली, मराठी तोडकंमोडकं. तिलाही चहा देता देता धरलंच. ती नंतर खोलीत येऊन मला म्हणाली, "तुझी लँडलेडी सीआयडी आहे का गं? मला ग्रँडमाचा नाव पण पूर्ण नाही येत, तिची आई कुठून आणू?"

मला येत असेल असं मला वाटलं होतं. आठवायला बसले तर आलं नाही. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "आजीची आई? तिला सगळे बाई म्हणायचे."

"अहो बाबा, नाव काय होतं?"

"लग्नातलं नाव लक्ष्मी होतं बहुतेक. म्हणजे सासरचं. माहेरचं कुणास ठाऊक. पण कशाला पाहिजे तुला?"

त्यांनी अमरावतीच्या आत्याला विचारलं, आत्यानं आणखी कुणाला तरी. ते माहेरचं नाव माहीत असलेलं माणूस उरलंच नव्हतं. मी बाईंना आमची पद्धत समजावून सांगितली, की लग्नात मुलीचं नाव बदलायचे, तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचे, आणि मग जुनं कुणी वापरायचं नाही. मी ते जरा कौतुकानंच सांगत होते.

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे तुमच्याकडे घरच्याच माणसांनी पुसलं," त्या म्हणाल्या. "तेही हसत हसत."

मला राग आला होता. दोन दिवस मी खाली चहाला गेले नाही. तिसऱ्या दिवशी दाराबाहेर ट्रेमध्ये चहा होता. माफी वगैरे नाही. चहा पार गार झाला होता.

पुढे ऑफिसनं मला बेसिंगस्टोकच्या एका क्लायंटकडे टाकलं. आठवड्यातले काही दिवस मोटरवेनं तिकडे गाडी चालवत जावं लागायचं. हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला सुरा पावावर थांबला.

"बेसिंगस्टोक," त्या म्हणाल्या. "तिथे माझा भाऊ राहतो."

इतके महिने मी त्या घरात राहत होते. काका, मावशी, आजी, शेजारीण, सगळ्यांचं मला पाठ झालं होतं. जिवंत भावाविषयी त्यांनी एक शब्द काढला नव्हता.

मग हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी कळलं. आगगाडीत त्या एकट्या नव्हत्या. धाकटा भाऊ बरोबर होता, पाच वर्षांचा. पावेल त्याचं नाव. याचा हात सोडू नकोस, एवढंच आईनं त्यांना बजावलं होतं. लंडनला पोहोचेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही, बोटीत उलट्या होत असतानासुद्धा. मग लंडनच्या स्टेशनवर एका हॉलमध्ये मुलांना वाटून दिलं. हॅम्पशरमधल्या एका मूल नसलेल्या जोडप्याला लहान मुलगा हवा होता, मुलगी नको होती. बाईंना लेस्टरला एका शिक्षिकेकडे पाठवलं. त्यांच्या मुठीतून भावाची बोटं एका सभ्य, हॅट घातलेल्या इंग्लिश बाईनं एकेक करून सोडवली, असं त्या सांगायच्या.

त्या जोडप्यानं मुलाला जीव लावला. दत्तक घेतलं, केनेथ नाव ठेवलं, चर्चला नेलं. लढाई संपली आणि कुणीच उरलं नाही हे कळलं, तेव्हा बाई सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. त्या भावाला आणायला गेल्या. फाटकापाशी त्याला त्यांनी चेकमध्ये हाक मारली. तो इंग्रजीत म्हणाला, "मला ही भाषा येत नाही. माझी आई आत आहे."

पुढे त्याचं लग्न ठरलं तेव्हा तो स्वतःच त्यांना भेटायला आला. त्यानं त्यांच्याकडे एक वचन मागितलं. तो जिवंत असेपर्यंत त्याच्या बायकोला, मुलांना काही सांगायचं नाही. त्यांनी नाताळात यावं, वाढदिवसाला यावं, पण घरच्यांची जुनी ओळखीची म्हणून यावं. मुलं आँटी म्हणतील.

"आणि तुम्ही कबूल झालात?" मी विचारलं.

"नाहीतर मला तो दिसलाच नसता."

ज्या बाईंना सभ्यपणाचं खोटं चालत नव्हतं, त्या अर्धं आयुष्य दर नाताळात एका घरात खोट्या ओळखीने जाऊन बसत होत्या. भाऊ समोर बसून टर्की कापायचा आणि यांना विचारायचा, "तुम्हाला पांढरं मांस आवडतं ना?"

हे मला कळलं आणि थोड्याच दिवसांनी फोन आला. भावाच्या मुलीचा. ती पन्नाशीची, एका शाळेत ऑफिसचं काम बघणारी, साधी, सरळ बाई. तिच्या वडिलांची स्मृती दोन-तीन वर्षांपासून जात चालली होती आणि त्यांना केअर होममध्ये ठेवलं होतं. आता त्यांनी इंग्रजी बोलणंच सोडलं होतं. काहीतरी बडबडायचे, ते कुणाला कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत शब्दांची सरमिसळ होते. पण तिथली एक केअरर मुलगी स्लोव्हाक होती. ती म्हणाली, सरमिसळ नाही. हे चेक आहे. आमच्या भाषेला जवळची, मला सगळं समजतं. हे आजोबा लहान मुलासारखं चेक बोलतात.

"आँटी, तुम्ही तिकडच्या ना?" भाची फोनवर विचारत होती. बाई हातातलं काम सोडायच्या नाहीत म्हणून फोन स्पीकरवर असायचा. "बाबांना चेक कुठून येईल?"

बाईंनी फोन ठेवून दिला. असं त्यांनी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

दोन आठवडे त्या घराबाहेर पडल्या नाहीत. पोहे केले तरी खाली ओट्याशी आल्या नाहीत. मग एका सकाळी मी बेसिंगस्टोकला निघाले तर त्या कोट घालून गाडीपाशी उभ्या होत्या.

"आज मला घेऊन चल," एवढंच म्हणाल्या.

मी ऑफिसला उशीर होईल म्हणून कळवलं आणि त्यांच्याबरोबर आत गेले.

केअर होमच्या लाउंजमध्ये टीव्ही चालू होता आणि कुणी बघत नव्हतं. खिडकीपाशी एक उंच, देखणे म्हातारे गृहस्थ खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. भाची त्यांच्या शेजारी होती. ती केअरर मुलगी चहाची ट्रॉली सोडून जवळ आली. बाई समोर गेल्या, स्टूल ओढून बसल्या. त्यांनी त्याचं नाव घेतलं. केनेथ नाही. पावेल.

म्हाताऱ्याचा चेहरा असा उघडला की मला बघवेना. त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागले. केअरर मुलगी भाचीच्या कानाशी हळू आवाजात इंग्रजीत सांगत होती. मला ऐकू येत होतं.

"ते त्यांना आई म्हणताहेत. म्हणताहेत, आई, मला का पाठवलंस?"

मला वाटलं, बाई आता सांगतील. मी आई नाही, मी बहीण. आईला मारलं. त्या तसंच बोलायच्या, सगळ्यांशी. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग त्या एका वेगळ्याच, गोड, ओढून बोलणाऱ्या आवाजात काहीतरी म्हणाल्या.

"त्या म्हणताहेत, तुला खोकला होता ना, म्हणून," मुलगी म्हणाली. "समुद्राच्या हवेनं खोकला बरा होतो."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. त्यांना पटलं. थोडा वेळ ते बाईंची बोटं चाचपत राहिले. मग पुन्हा काही विचारलं, आणि बाई एकदम ताठ झाल्या.

"विचारताहेत, पपा का नाही आले स्टेशनवर?"

यावर बाई त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलल्या. मुलगी सांगत गेली. "त्या म्हणताहेत, आले होते. आईशेजारी उभे होते. टोपी हलवत होते… ते म्हणताहेत, नाही. पपा आले नाहीत. पपा रागावले होते. पाठवू नको म्हणत होते. पपा गोठ्यात होते, घोड्यापाशी… त्या म्हणताहेत, आले होते, आले होते, तू लहान होतास, तुला दिसलं नाही."

म्हातारे खुर्चीच्या हातावर मूठ आपटायला लागले. बाईही थांबेनात. ऐंशी वर्षांचा भाऊ आणि पंच्याऐंशीची बहीण बेसिंगस्टोकच्या त्या लाउंजमध्ये, चेकमध्ये, दोन लहान मुलांसारखी भांडत होती. हो, नाही, हो, नाही. तेवढं मलाही कळत होतं. केअरर मुलीनं भाषांतर थांबवलं. म्हातारे मोठ्यानं रडायला लागले तेव्हा नर्स येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना ते मागे वळून बघत होते आणि हात पुढे करत होते.

भाची उभीच होती. "आँटी," ती म्हणाली, "तुम्ही कोण आहात?"

"आँटी," बाई म्हणाल्या. इंग्रजीत आत्यालाही शब्द तोच. म्हणून त्यांना पुढे सांगावं लागलं. "तुझ्या वडिलांची बहीण. सख्खी."

भाचीनं पर्स उचलली आणि ती निघून गेली.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "तुम्ही वचन नाही मोडलंत. त्यांनीच मोडलं, चेकमध्ये बोलून."

"त्याला कळत नव्हतं," बाई म्हणाल्या. "मला कळत होतं." मग म्हणाल्या, "खोकल्याचं आईनंच सांगितलं होतं त्याला. मी ऐकलं होतं."

भाचीचा राग मोठा होता. फोनवर तिनं बाईंना जे विचारलं ते मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. "त्यांनी सांगू नका म्हटलं, आणि तुम्ही ऐकलंत? त्यांना बोलायला जगात एक माणूस होतं. तुम्ही. आणि तुम्ही नाताळात येऊन हवापाण्याच्या गप्पा मारून जात होतात?"

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही.

पण ती आली. महिन्याभरानं, एका शनिवारी, वॉटफर्डला. कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "कसे होते ते सगळे?" बाईंनी मावशीच्या पत्त्यांपासून सुरुवात केली. भाची हसली नाही. ती ऐकत राहिली. एकदा मध्येच म्हणाली, "मी पण पकडली गेले की रडते," आणि मग कोट काढला.

बाई त्यानंतर भावाकडे जात राहिल्या. मी जायची त्या दिवशी माझ्याबरोबर, नाहीतर भाची न्यायची. त्याच्यासमोर त्या आईच राहिल्या. केव्हा न्यायला येशील, असं तो विचारायचा आणि त्या सांगायच्या, रविवारी. पुढचा रविवार येईपर्यंत तो विसरलेला असायचा. वडिलांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. बाईंनी एकदोनदा काढून पाहिला. टोपी म्हटलं, घोडा म्हटलं. तो त्यांच्याकडे नुसता बघायचा. ते दार त्या एकाच दिवशी उघडलं होतं.

घरी मात्र त्या बदलल्या. वाक्यं अर्धवट सोडायला लागल्या. एखादी गोष्ट सांगता सांगता थांबायच्या आणि म्हणायच्या, "असं मला आठवतं." पूर्वी हे शेपूट नसायचं. एकदा मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी सांगत आले ते खरं, कारण दुसरं कुणी नव्हतंच. मी आजीचे डोळे निळे म्हटले तर निळे. कुणी म्हणालं नाही, छे, घारे होते. तुला कल्पना नाही किती एकटं असतं ते."

भाऊ हिवाळा संपता संपता गेला. गेला नाही, मेला. बाई म्हणाल्या, "याला कुणी मारलं नाही. हा मेला. आमच्यात हे पहिल्यांदाच झालं."

हॅम्पशरमधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं, त्याला वाढवणाऱ्या आईवडिलांशेजारी. दगडावर केनेथच यावं असं त्यानं शहाणा असताना सांगून ठेवलं होतं, आणि भाचीनं ते पाळायचं ठरवलं. बाईंना तिनं विचारलं होतं. "नाव त्याचं," बाई म्हणाल्या. "त्यानं ठरवावं." व्हिकारनं केनेथविषयी सांगितलं. त्याची बाग, त्याचं क्रिकेट, त्याची नोकरी. सगळं चांगलं चांगलं. मग भाची पुढे आली आणि कागद न घेता म्हणाली, की माझे वडील पावेल म्हणून जन्मले. ते मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांना गुपितं ठेवायची सवय होती, आणि त्याचा मला राग आहे. हे म्हणताना तिचा आवाज फुटला. बाईंनी माझं मनगट पकडलं होतं. त्यांची पकड घट्ट झाली.

सगळे मागे सरल्यावर बाई एकट्या खड्ड्याच्या कडेला गेल्या. वाकल्या, इतक्या की मी धरायला धावले. त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि खाली बघत चेकमध्ये काहीतरी म्हणाल्या. फार नाही, दोनच वाक्यं असतील.

गाडीत बसल्यावर त्यांनी बुटांचा चिखल माझ्या मॅटवर पुसला. मी गाडी मोटरवेला घेतली. मग विचारलं, "काय म्हणालात तुम्ही त्यांना?"

"म्हटलं, तुझं बरोबर आहे. पपा नव्हते आले."

"म्हणजे तुम्हाला आठवलं?"

"नाही. मला अजून टोपी दिसते. राखाडी टोपी, अशी वर." त्यांनी हात वर केला आणि तो तसाच राहिला, मग मांडीवर आला. "पण अबोला धरला की ते कुणासाठी मोडायचे नाहीत. हे मीच तुला सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग."

पुढे ट्रक होता. तो वळून जाईपर्यंत मी गाडी हळू केली.

"मला त्याला तेव्हाच विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "दोघंही धडधाकट होतो तेव्हा. पपा डावीकडे उभे होते की उजवीकडे, एवढंच. त्यानं तोंड बंद ठेवायला सांगितलं आणि मी ठेवलं. त्याच्यासाठी ठेवलं असं म्हणत आले. मलाही तेच सोयीचं होतं. तो म्हणाला असता, आलेच नव्हते, तर मी काय केलं असतं?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओली शेतं होती. त्या काचेतून बाहेर बघत होत्या. मला वाटलं, त्यांना झोप लागली.

"तुझी स्मरणशक्ती चांगली आहे," त्या एकदम म्हणाल्या. "दोन्ही लक्षात ठेव. मी म्हणते ते आले होते, तो म्हणाला नाही आले. मी मेल्यावर कुणी विचारलं तर दोन्ही सांग. त्याचं आधी सांग. तो लहान होता."